ग्राफ मांडला, पण चालवला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "दादा, मी दारव्हा तालुक्यातला, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या लायब्ररीतून टेन्सरफ्लोचं एक जुनं पुस्तक आणलं. त्यातला दोन आकड्यांच्या बेरजेचा पहिलाच ग्राफ चालत नाही. प्लेसहोल्डर नावाचं काही नाहीच म्हणते. कुठूनतरी उपाय शोधून लावला तर एरर गेली, पण आता आकड्याच्या जागी 'टेन्सर, ॲड, शेप, डीटाइप' असलं काहीतरी छापून येऊन राहिलं. सेशन आणि फीड म्हणजे नेमकं काय? आणि हे सगळं जुनं झालं असेल तर शिकू की सोडून देऊ?"

सोडू नको. पुस्तकातल्या आज्ञा जुन्या झाल्या, पण त्यामागचा विचार मशीन लर्निंगच्या प्रत्येक मोठ्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, आजही आहे, आणि टेन्सरफ्लो ही तशीच एक पायथनमधून वापरायची लायब्ररी. मी २०१६ पासून हे काम करतोय, बऱ्याच मुलांना शिकवलंय, आणि जवळजवळ सगळे तू अडलास तिथेच अडतात. म्हणून सविस्तर लिहितो. आज्ञांची नावं इथे देवनागरीत देतोय, फोनवर कोणाला सांगावीत तशी. टाइप करताना ती रोमनमध्येच करायची.

आधी एरर मिटवू. गूगलने टेन्सरफ्लो नोव्हेंबर २०१५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, तेव्हा त्याची रीत एकच होती: आधी पूर्ण हिशेबाचा ग्राफ, म्हणजे कोणता आकडा कुठून कुठे जाऊन काय होतो त्याचा आराखडा, मांडायचा, मग सेशन उघडून तो चालवायचा. सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस २.० आवृत्ती आली आणि रीत उलटली. आता ओळ लिहिली की ती तिथल्या तिथे चालते, याला 'ईगर' म्हणतात. प्लेसहोल्डर आणि सेशन पुढच्या खोलीतून उचलून मागच्या कोठीत ठेवले गेले. त्या कोठीचं नाव 'कॉम्पॅट डॉट व्ही वन'. तुझं पुस्तक २०१९ च्या आधीचं, संगणकावरचं टेन्सरफ्लो नंतरचं, म्हणून ते प्लेसहोल्डर ओळखत नाही.

यावर बरीच मुलं जुनी १.१५ आवृत्तीच टाकायला जातात. त्यात वेळ घालवू नको. ती पायथन ३.७ पर्यंतच बसते, पुढच्या पायथनवर 'जुळणारं वितरण सापडलं नाही' एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा फाइलच्या सगळ्यात वरच्या ओळीत टेन्सरफ्लोऐवजी 'टेन्सरफ्लो डॉट कॉम्पॅट डॉट व्ही वन' आयात कर, त्याला 'टीएफ' म्हण, आणि लगेच दुसऱ्या ओळीत 'डिसेबल ईगर एक्झिक्यूशन' ही आज्ञा दे. दुसरी ओळ विसरलास तर प्लेसहोल्डर 'माझं आणि ईगरचं जमत नाही' म्हणतो. आणि प्लेसहोल्डर न वापरता नुसते कॉन्स्टंट, म्हणजे न बदलणारे आकडे, मांडले असतील तर सेशन सांगतो की ग्राफ रिकामा आहे. तो खरोखर रिकामाच असतो, कारण तुझ्या ओळी मांडल्या न जाता जागच्या जागी चालून गेलेल्या असतात. या दोन ओळी घातल्या की पुस्तकातली सुरुवातीची बहुतेक उदाहरणं चालतील.

आता मुख्य गोष्ट. आकड्याच्या जागी जे छापून येतंय ती चूक नाहीच. तू मागितलंस तेच ते देतंय.

रब्बीत हरभऱ्याच्या वावरात तुषार संच मांडताना तू पाहिलं असशील, कदाचित स्वतः मांडलाही असशील. विहिरीपासून मेन पाइप, मग धुऱ्याने टी आणि वॉल, मग वावरात एकाला एक पाइप जोडत जायचं आणि ठरावीक अंतरावर नोझल बसवायचे. हे सगळं काम दिवसा होतं. लाईन येते रात्री. दुपारी चार वाजता सगळा संच जोडून तयार आहे आणि तू नोझलकडे बोट दाखवून विचारलंस की यातून किती पाणी येतं, तर उत्तर काय मिळणार? "हा नोझल आहे, अमुक मापाचा आहे, तिकडच्या पाइपला जोडलेला आहे." पाण्याचा आकडा मिळणार नाही, कारण मोटर चालूच नाही.

तुझा प्रिंट तेच करतोय. 'टेन्सर, ॲड कोलन शून्य, शेप रिकामा, डीटाइप फ्लोट थर्टी टू' याचा अर्थ असा: इथे बेरजेची एक गाठ (नोड, म्हणजे ग्राफमधली एक पायरी) आहे, हे तिचं पहिलं निघणं आहे, त्यातून एकच आकडा येईल आणि तो दशांशाचा असेल. मांडणीचं हे वर्णन बिनचूक आहे. मोटरचं बटण म्हणजे सेशनचा रन. विहिरीतलं पाणी म्हणजे तू फीडमधून देतोस ते आकडे. आणि प्लेसहोल्डर म्हणजे मेन पाइपचं उघडं तोंड, जिथे पाणी येईल असं आधीच ठरवून ठेवलेलं आहे.

या उपमेत एक गोष्ट उलटी आहे. वावरात पाणी विहिरीकडून नोझलकडे ढकललं जातं. ग्राफमध्ये मागणी शेवटाकडून निघते. तू रनला सांगतोस, "मला ही गाठ हवी." मग ते मागे मागे जात शोधतं की हिच्यासाठी काय लागतं, त्यासाठी काय लागतं, आणि तेवढंच चालवतं. ज्या फांदीची गरज नाही ती कोरडी राहते. याचा उपयोग पुढे सांगतो.

आता दोन आकड्यांची बेरीज सोड, त्यात काही कळत नाही. आपल्या घरातला हिशेब घे. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. खरेदी केंद्रावर ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यावर बारापर्यंत कपात, आणि बाराच्या वर माल परत. कपातीचा दर आपण उदाहरणापुरता सोपा धरू: आठच्या वर जितके टक्के ओलावा, तितके टक्के भाव कमी.

वही घे आणि काढ. डावीकडे दोन उघडी तोंडं: क्विंटल आणि ओलावा. हे दोन प्लेसहोल्डर, कारण ते गाडीगणिक बदलतात. भाव ७,५२१ हा कॉन्स्टंट, हंगामभर तोच. ओलाव्यातून आठ वजा करणारी एक गाठ. तिला ०.०१ ने गुणणारी दुसरी. एकातून ते वजा करणारी तिसरी. तिला भावाने गुणलं की हातात येणारा भाव, आणि त्याला क्विंटलने गुणलं की एकूण रक्कम. बाण काढ, प्रत्येक गाठीला नाव दे. एवढं झालं की ग्राफ झाला. ज्याला वहीत काढता येतो त्याला तो टाइप करायला दहा मिनिटं लागतात.

आता बारा क्विंटल आणि दहा टक्के ओलावा फीड करून एकूण रक्कम माग. हाताने केलं तर ७,५२१ चे ९८ टक्के म्हणजे ७,३७०.५८, त्याला बाराने गुणलं की ८८,४४६.९६. हाताचं उत्तर आधी काढून ठेवायची सवय लाव, कारण ग्राफ चुकीचा जोडला असला तरी तो आनंदाने चालतो आणि आकडा देतो. आता त्याच ग्राफमधून फक्त 'हातात येणारा भाव' माग आणि फीडमध्ये क्विंटल देऊच नको. तरीही चालेल, कारण भावाच्या गाठीला क्विंटल लागतच नाही. मग क्विंटल न देता रक्कम माग. 'प्लेसहोल्डरला किंमत द्यावीच लागेल' असं खडसावून सांगेल. हे दोन प्रयोग स्वतः करून बघितलेस तर मागणी शेवटाकडून निघते हे आयुष्यभर विसरणार नाहीस.

पायथन ३ मध्ये चलाचं नाव देवनागरीत ठेवता येतं. 'भाव', 'ओलावा', 'रक्कम' असं थेट लिहून बघ, मला शिकवताना याचा फार उपयोग होतो. मात्र गाठीला 'नेम' म्हणून जे नाव देतो ते रोमनच लागतं, तिथे देवनागरी दिली तर टेन्सरफ्लो नाकारतं.

पण मला विचारशील तर याच्याही आधी एक काम कर. टेन्सरफ्लो बंद कर आणि स्वतःचा ग्राफ साध्या पायथनमध्ये लिही. तीस ओळीसुद्धा लागत नाहीत. 'नोड' नावाचा क्लास कर, त्यात दोनच गोष्टी ठेव: कोणतं काम करायचं ते फंक्शन, आणि कोणाकोणाकडून माल येतो त्या नोडची यादी. प्लेसहोल्डर म्हणजे ज्याला फंक्शनही नाही आणि यादीही नाही असा नोड. मग 'चालव' नावाचं एक फंक्शन लिही. त्याला हवा असलेला नोड आणि एक डिक्शनरी द्यायची. नोड डिक्शनरीत आधीच असेल तर तिथली किंमत परत कर. नसेल तर त्याच्या यादीतल्या प्रत्येक नोडवर आधी 'चालव' लाव, आलेल्या किमतींवर त्याचं फंक्शन चालव, उत्तर डिक्शनरीत लिहून ठेव आणि परत कर. नोडला फंक्शनच नसेल आणि तो डिक्शनरीतही नसेल, तर एरर दे.

बस. फीड म्हणजे ती डिक्शनरी आधीच थोडी भरून देणं. 'किंमत द्यावीच लागेल' ही एरर म्हणजे तू स्वतः लिहिलेली शेवटची अट. आणि उत्तर डिक्शनरीत का लिहून ठेवायचं, तेही लगेच कळतं. हातात येणाऱ्या भावावरून एकूण रक्कम काढायची आहे आणि व्यापाऱ्याच्या भावाशी फरकही काढायचा आहे. दोन्ही उत्तरं एकाच डिक्शनरीवर मागितली तर भावाची गाठ एकदाच मोजली जाते. दर वेळी नवी डिक्शनरी घेतली तर दोनदा मोजली जाते. टेन्सरफ्लोच्या रनचंही अगदी असंच आहे. हव्या असलेल्या गाठी यादी करून एकाच रनमध्ये माग. ग्राफमध्ये कुठे यादृच्छिक आकडा काढणारी गाठ असेल तर हा फरक नुसता वेळेचा राहत नाही. दोन वेगळ्या रनमध्ये दोन वेगळे आकडे निघतात, आणि मग रक्कम एका आकड्यावरून आणि फरक दुसऱ्यावरून काढला जातो. ही चूक शोधायला एका मुलाला चार दिवस लागले होते.

आता एक खोच. ओलावा सात टक्के असला तर? आपला ग्राफ 'वजा एक टक्का कपात' करेल, म्हणजे भाव वाढवून देईल. केंद्रावर असं होत नाही. तुझा हात आपोआप 'इफ ओलावा मोठा आठपेक्षा' लिहायला जाईल, आणि जुन्या रीतीत लगेच एरर येईल की टेन्सरचा, म्हणजे ग्राफमधून वाहणाऱ्या आकड्याचा, खरं-खोटं म्हणून वापर करता येत नाही.

इथे थांबून स्वतःला विचार: ही इफची ओळ कधी चालते? ती चालते मांडणीच्या वेळी. म्हणजे दुपारी चारला. ओलावा किती हे तेव्हा कोणालाच माहीत नाही, गाडी अजून केंद्रावर पोचलीच नाही. मग पायथन निर्णय कशावर घेणार? निर्णय चालवताना घ्यायचा असेल तर निर्णयाचीही एक गाठ करून ग्राफमध्ये बसवावी लागते, जसा धुऱ्यावर वॉल बसवून ठेवतो तशी. या हिशेबात त्यासाठी 'टीएफ डॉट मॅक्सिमम' पुरतं: ओलावा वजा आठ आणि शून्य यातलं जे मोठं ते घे. सात टक्क्यांना कपात शून्य, बारा क्विंटलचे पूर्ण ९०,२५२ रुपये. बाराच्या वरचा माल परत करायचा नियम बसवायचा तर 'टीएफ डॉट व्हेअर'. दोन वाटा फारच वेगळ्या असतील तर 'टीएफ डॉट कॉन्ड'.

"ही ओळ कधी चालते, मांडताना की चालवताना?" मी एवढा एकच प्रश्न मुलांना वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावतो. ग्राफच्या कामातल्या मी पाहिलेल्या बहुतेक अडचणी या प्रश्नाचं उत्तर चुकल्यामुळे आलेल्या आहेत, माझ्या स्वतःच्यासुद्धा.

माझी सांगतो. २०१७ मध्ये आपल्याकडे गुलाबी बोंडअळीने पऱ्हाटीची दैना केली, ते तुला आठवत असेल. त्यानंतरच्या हंगामात मी काही गावांतल्या कामगंध सापळ्यांच्या नोंदी घेऊन एक छोटा अंदाज बांधत होतो. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ पतंग ही धोक्याची पातळी धरतात, ती कधी गाठली जाईल याचा अंदाज दोन-तीन दिवस आधी यावा एवढाच हेतू होता. नोंदी थोड्या होत्या, मॉडेल लहान होतं. रात्री लावून झोपलो. सकाळी पाहतो तर संगणक जाम, मेमरी काठोकाठ भरलेली, आणि काम निम्म्यावरही आलेलं नाही.

कारण एका ओळीत होतं. चूक मोजणारी वजाबाकीची ओळ मी लूपच्या आत लिहिली होती. मला वाटत होतं की दर फेरीला ती वजाबाकी करतेय. प्रत्यक्षात ती ओळ मांडणीची होती. दर फेरीला ती ग्राफमध्ये वजाबाकीची नवी गाठ जोडत होती. रात्रभरात हजारो गाठी जमल्या, आणि ग्राफ बदलला की सेशनला त्याची पुन्हा तयारी करावी लागते, म्हणून प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा हळू होत गेली. दर तासाला मोटर चालू करण्याआधी वावरात नवा पाइप जोडत जावं, तसं चाललं होतं. ती ओळ लूपच्या वर नेली आणि तेच काम काही मिनिटांत संपलं. तेव्हापासून मी मांडणी संपली की 'ग्राफ डॉट फायनलाइज' लिहितो. त्यानंतर चुकून कोणी नवी गाठ जोडायला गेलं की तिथेच एरर येते. तूही लिही.

व्हेरिएबलबद्दल दोनच वाक्यं. प्लेसहोल्डरचा आकडा रन संपला की जातो, व्हेरिएबलचा सेशनमध्ये टिकतो, शिकणाऱ्या मॉडेलची वजनं, म्हणजे शिकताना बदलत जाणारे आकडे, त्यात असतात. जुन्या रीतीत व्हेरिएबलला सुरुवातीची किंमत देणं हीसुद्धा एक गाठच आहे, म्हणून 'ग्लोबल व्हेरिएबल्स इनिशियलायझर' नुसता लिहून चालत नाही, तो रन करावा लागतो.

आकड्यांच्या जातीवर मात्र जरा थांबतो, कारण पैशाच्या हिशेबात ती फसवते. टेन्सरफ्लोमध्ये १२ आणि १२.० वेगळे. पहिला इंट थर्टी टू, दुसरा फ्लोट थर्टी टू, आणि दोन्हीचे कॉन्स्टंट करून गुणायला गेलास तर ते गुणत नाही. एक्सेलच्या फाइलमधून पांडाज या पायथनच्या लायब्ररीने वाचलेले दशांशाचे आकडे बहुधा फ्लोट सिक्स्टी फोर असतात, त्यांचंही फ्लोट थर्टी टूशी जमत नाही. 'टीएफ डॉट कास्ट'ने एकाच जातीत आण. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. फ्लोट थर्टी टूमध्ये साधारण सातच अंक भरवशाचे. आपल्या ८८,४४६.९६ ला ते कसेबसे पुरतात, शेवटचा पैसा एखादवेळी इकडेतिकडे दिसेल. पण रक्कम ८३,८८,६०८ च्या, म्हणजे दोनाच्या तेविसाव्या घाताच्या वर गेली की त्यात पैसे मावतच नाहीत, फक्त पूर्ण रुपये राहतात. पावणेदोन कोटींच्या जवळ, १,६७,७७,२१६ च्या पुढे, सुटे रुपयेसुद्धा धड राहत नाहीत. एखाद्या जिनिंगचा हंगामाचा हिशेब सहज त्याच्या पलीकडे जातो. मॉडेल शिकवायला फ्लोट थर्टी टू उत्तम आहे. कोणाच्या हक्काच्या पैशाचा हिशेब असेल तर फ्लोट सिक्स्टी फोर घे, नाहीतर सरळ पैशांत रूपांतर करून पूर्णांकात ठेव.

आता तू विचारशील, आज ओळ लिहिली की चालतेच, तर हा सगळा खटाटोप कशाला?

कारण पूर्ण मांडणी आधी माहीत असली की बरंच काही करता येतं. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या गाठी एकाच वेळी चालवता येतात. जे आकडे बदलणारच नाहीत त्यांचा हिशेब एकदाच करून ठेवता येतो. मेमरी कुठे मोकळी होईल ते आधीच कळतं. आणि ग्राफ पायथनशिवाय जगू शकतो. तो फाइलमध्ये ठेवून साध्या फोनवर चालवता येतो, नेट नसलेल्या वावरातही. टेन्सरफ्लो लाइट यासाठीच होतं, २०२४ पासून त्याचं नाव लाइटआरटी आहे. पानाचा फोटो काढून जागच्या जागी रोग ओळखायचा तर ही वाट लागते.

म्हणून नव्या टेन्सरफ्लोमध्येही ग्राफ आहे, फक्त दार बदललंय. साधं पायथन फंक्शन लिहायचं आणि त्याच्या डोक्यावर 'ॲट टीएफ डॉट फंक्शन' ठेवायचं. फंक्शनचे आर्ग्युमेंट हे तुझे प्लेसहोल्डर. पहिल्यांदा बोलावलं की ते फंक्शन एकदा आतून फिरून ग्राफ मांडतं, पुढच्या वेळी तोच ग्राफ चालवतं. आपला इफचा प्रश्नही इथे बराच सुटतो, कारण टेन्सरवरचा इफ ते स्वतःच निर्णयाच्या गाठीत बदलून घेतं.

पण मांडताना की चालवताना, हा प्रश्न इथेही सुटत नाही. फंक्शनच्या आत साधा प्रिंट आणि 'टीएफ डॉट प्रिंट' अशा दोन ओळी लिही. मग ओलाव्याचे वेगवेगळे आकडे टेन्सर करून पाच वेळा बोलाव. साधा प्रिंट एकदाच छापेल, टीएफ डॉट प्रिंट पाच वेळा. पहिला मांडणीचा, दुसरा ग्राफमधली गाठ झालेला. आता टेन्सर न करता नुसते पायथनचे आकडे दे: ९.०, ९.५, १०.०. साधा प्रिंटही दर वेळी छापायला लागेल. पायथनचा प्रत्येक नवा आकडा म्हणजे त्याच्या लेखी नवी मांडणी, म्हणून ते दर वेळी नवा ग्राफ बांधतं. थोड्या वेळाने 'रिट्रेसिंग'ची, म्हणजे पुन्हा पुन्हा मांडणी होत असल्याची, सूचना येईल. म्हणजे माझ्या २०१७ नंतरच्या त्या रात्रीचीच चूक, वेगळ्या कपड्यात. उपाय सोपा: बदलणारे आकडे 'टीएफ डॉट कॉन्स्टंट' करून दे, किंवा 'इनपुट सिग्नेचर' लिहून आधीच जात सांगून ठेव.

ही कल्पना एका लायब्ररीपुरती नाही. टेन्सरफ्लोच्या आधी माँट्रियलच्या विद्यापीठातलं थिआनो याच रीतीने चालायचं. पायटॉर्च २०१७ च्या सुरुवातीला आलं ते चालता चालता ग्राफ बांधणारं म्हणून लोकांना आवडलं, आणि २०२३ मधल्या त्याच्या २.० आवृत्तीने 'टॉर्च डॉट कंपाइल' आणून आधी मांडण्याची सोय परत दिली. जॅक्समध्ये 'जिट' लावलं की तिथेही पहिल्या फेरीत मांडणी होते आणि तिथला साधा प्रिंटही एकदाच छापतो. नोकरीत तुला यातलं कोणतंही भेटेल.

आणि मला या सगळ्यात सगळ्यात सुंदर वाटतं ते शेवटी सांगतो. ग्राफ मांडलेला असला की तो उलटाही फिरवता येतो. आपल्या कापसाच्या हिशेबात 'ग्रेडियंट टेप', म्हणजे हिशेबाच्या पायऱ्या नोंदवून ठेवणारी टेन्सरफ्लोची सोय, उघड, ओलाव्यावर लक्ष ठेवायला सांग, रक्कम काढ, आणि मग विचार: ओलावा बदलला तर रक्कम किती बदलते? बारा क्विंटल आणि दहा टक्क्यांना उत्तर येईल वजा ९०२.५२. म्हणजे त्या गाडीत ओलाव्याच्या एकेका टक्क्याचे ९०२ रुपये ५२ पैसे जात आहेत. सात टक्क्यांना विचारलंस तर शून्य, कारण तिथे कपातच नाही. हे सूत्र तू लिहिलेलं नाहीस. प्रत्येक गाठीला फक्त स्वतःपुरतं माहीत आहे की माझं येणं जरासं हललं तर जाणं किती हलतं, आणि ग्राफ शेवटाकडून मागे येत त्या सगळ्यांचा गुणाकार करतो. ही मागे येण्याची रीत फिनलंडच्या सेप्पो लिनाइनमा यांनी १९७० मध्ये हेलसिंकीत आपल्या प्रबंधात मांडली. आजची मोठमोठी मॉडेलं शिकतात ती याच रीतीने, फक्त ओलाव्याच्या जागी कोट्यवधी वजनं असतात. तुझ्या तीस ओळींच्या नोडमध्ये हे बसवून बघ, वजाबाकी आणि गुणाकार या दोनच गाठींसाठी. कॉलेजच्या प्रोजेक्टला एवढंसुद्धा चांगलं होईल.

राहिलं लॅपटॉपचं. जुना, वापरलेला घेतला असेल तर आधी त्याच्या प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स (प्रोसेसरच्या आज्ञांचा एक संच) आहे का बघ. टेन्सरफ्लोच्या तयार फाइलींना १.६ आवृत्तीपासून ते लागतं, नसेल तर आयात करतानाच 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून बंद पडतं आणि माणूस उगाच दिवसभर पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करत बसतो. तसं असेल तर गूगलच्या कोलॅबवर कर, ते ब्राउझरमध्ये चालतं, हिशेब तिकडच्या संगणकावर होतो. मोबाइलच्या नेटवर दर वेळी काही शे एमबी उतरवायची गरज नाही. कॉलेजमध्ये नेट असेल तेव्हा 'पिप डाउनलोड'ने सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर घे, पण तिथलं पायथन आणि विंडोज तुझ्यासारखंच आहे ना ते पाहून. घरी 'नो इंडेक्स' आणि 'फाइंड लिंक्स' हे दोन पर्याय देऊन त्या पेन ड्राइव्हवरूनच इन्स्टॉल कर. मित्रांनाही तोच दे.

आधी वही, मग तीस ओळींचा नोड, मग पुस्तकातली रीत कॉम्पॅट व्ही वनवर, आणि शेवटी टीएफ डॉट फंक्शन, या क्रमाने जा. अडलास तर एररची फक्त शेवटची ओळ पाठवू नको. पूर्ण मजकूर पाठव, आणि वहीतल्या ग्राफचा फोटोही.